पुढच्या शनिवारच्या टीमचा रिपोर्ट: चाळीस पानं कोच का वाचत नाही

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू म्हणतोयस ते थोडक्यात असं, की नाशिकहून अमेरिकेत स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस करायला आलास, युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमकडे डिफेन्सच्या, म्हणजे अडवणाऱ्या बाजूच्या, कोच लोकांच्या हाताखाली स्टुडंट ॲनालिस्ट म्हणून लागलास, पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी गाठ आहे त्यांच्या ऑफेन्सच्या, म्हणजे बॉल घेऊन पुढे जाणाऱ्या बाजूच्या, सहा मॅच बघून प्रत्येक प्लेचे, म्हणजे एकेका चालीचे, तीस-तीस कॉलम भरलेस, चाळीस पानांचा रिपोर्ट केलास, आणि कोऑर्डिनेटरने, म्हणजे डिफेन्सच्या मुख्य कोचने, दोन पानं उलटून 'गुड जॉब' म्हणत तो कॉफीच्या कपाखाली ठेवला. आणि आता तू विचारतोयस की अजून काय काय टिपायला पाहिजे होतं.

काही नाही. टिपलंस ते गरजेपेक्षा जास्तच झालं. तुझी अडचण टिपण्याची नाहीये, गाळण्याची आहे, आणि ती प्रत्येकाला पहिल्या वर्षी येते, मला तर तीन वर्षं होती.

माझं सांगायचं तर मी मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे फुटबॉल म्हटलं की डोळ्यासमोर शाहू स्टेडियम, पाटाकडील विरुद्ध खंडोबा आणि स्टँडमधला गोंधळच येतो. इथे आलो तेव्हा हातात धरून पळायच्या खेळाला हे लोक फुटबॉल का म्हणतात यावरच माझं पहिलं सेमिस्टर गेलं. कॅम्पसवर व्हिडिओ शूट करायची नोकरी मिळाली, लिफ्टवर चढून थंडीत कुडकुडत प्रॅक्टिस रेकॉर्ड करायची, तिथून फिल्म रूममध्ये घुसलो आणि मग नऊ सीझन हेच केलं, चार डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे खालच्या पातळीच्या, एका छोट्या कॉलेजात आणि पाच एफसीएसमध्ये, म्हणजे डिव्हिजन वनच्या दुसऱ्या पायरीवर. त्यामुळे मी सांगतोय ते त्या पातळीवरचं आहे. ज्या मोठ्या युनिव्हर्सिट्यांकडे दहा-बारा ॲनालिस्ट पगारी असतात तिथली गोष्ट वेगळी, तिथे एकजण नुसता थर्ड डाऊनच बघतो, म्हणजे दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींपैकी तिसरी.

आता मूळ मुद्दा. रिपोर्ट वाचणारा शेवटी कोण आहे? तू म्हणशील कोऑर्डिनेटर. तो मधला टप्पा झाला. शेवटचा वाचक म्हणजे तुमचा मधला लाईनबॅकर, डिफेन्सच्या पुढच्या रांगेमागे उभा राहणारा, वय एकोणीस-वीस, सकाळी अकाऊंटिंगचं लेक्चर करून आलेला. एक प्ले संपला की पुढच्या स्नॅपपर्यंत, म्हणजे बॉल पुन्हा खेळात येईपर्यंत, घड्याळात ४० सेकंद असतात. त्यात समोरच्यांनी खेळाडू बदलले, साइडलाइनवरून आपला कॉल आला, तो त्याने बाकीच्यांना ओरडून सांगितला, आणि समोरची टीम फॉर्मेशनमध्ये उभी राहिली की त्याच्या हातात उरतात पाच-सहा सेकंद, आणि ती टीम घाईने खेळणारी असेल तर तीन. त्या तीन सेकंदात त्याच्या डोक्यात तुझ्या चाळीस पानांतलं काय उरणार आहे, तेवढाच तुझा रिपोर्ट, बाकीची पानं तू स्वतःसाठी लिहिलीस. डिव्हिजन वनच्या सगळ्यात वरच्या, एफबीएस पातळीवर २०२४ पासून डिफेन्सच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येतो, पण तोही प्ले क्लॉकवर १५ सेकंद उरले की बंद होतो. म्हणजे फॉर्मेशन बघून निर्णय घ्यायच्या नेमक्या वेळी पोरगा एकटाच असतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथून सांगू शकत नाही. तुमचा कोऑर्डिनेटर आकड्यांचा माणूस आहे की डोळ्यांचा, पोझिशन कोच स्वतः किती फिल्म बघतात, समोरच्यांची कुठली फिल्म तुम्हाला मिळते, हे सगळं बघावं लागेल. माझ्या एका कोचला टक्केवारी सांगितली की तो जांभई द्यायचा, त्यालाच तीन क्लिप सलग लावून दाखवल्या की ताडकन सरळ बसायचा. तेव्हा पहिलं काम म्हणजे त्याला जाऊन सरळ विचार, 'मंगळवारी प्रॅक्टिसला जाताना तुम्हाला माझ्याकडून नक्की काय हवंय?' यात लाज वाटून घेऊ नकोस. मी विचारलं नाही म्हणून माझं एक वर्ष फुकट गेलं.

आणि एक नियमाची गोष्ट, कारण नवीन पोरं उत्साहात इथे फसतात. आपल्याकडे पुढच्या फेरीत ज्यांच्याशी खेळायचंय त्यांची मॅच स्टँडमध्ये बसून बघणं यात कुणाला काही वावगं वाटत नाही, पेठेतला कोणीतरी बसलेलाच असतो. इथे डिव्हिजन वनमध्ये याच सीझनमधल्या पुढच्या प्रतिस्पर्ध्याची मॅच त्यांच्या मैदानावर जाऊन बघणं, स्काऊटिंग म्हणून, १९९४ पासून बंद आहे. सुरुवातीचं कारण खर्चाचं होतं, गरीब कॉलेजांना माणसं पाठवणं परवडायचं नाही. २०२३ मध्ये मिशिगन युनिव्हर्सिटीचं जे प्रकरण गाजलं ते हेच, त्यांच्या स्टाफमधला कॉनर स्टॅलियन्स पुढच्या टीम्सच्या मॅचची तिकिटं काढून माणसं पाठवत होता आणि साइडलाइनवरचे कोचचे इशारे फोनवर रेकॉर्ड होत होते. त्यांच्या लीगने, म्हणजे बिग टेनने, हेड कोच जिम हारबॉला रेग्युलर सीझनच्या शेवटच्या तीन मॅच मैदानाबाहेर बसवलं, टीम पुढे चॅम्पियनही झाली, तो भाग वेगळा. मॅच चालू असताना नुसत्या डोळ्यांनी समोरच्याचे इशारे ओळखले तर तो गुन्हा नाही, पण ते रेकॉर्ड करणं गुन्हा. तेव्हा एकमेकांना दिली जाते ती फिल्म आणि टीव्हीवर आलेलं प्रक्षेपण एवढ्यावरच राहा, आणि कोणी तुला 'शनिवारी तिकडे चक्कर मारून ये' म्हणालं तर आधी कॉम्प्लायन्स ऑफिसला मेल टाक. तसंच पगार घेत असशील तर स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, तेही विसरू नकोस, फिल्म रूममध्ये तास कसे जातात कळत नाही.

आता मॅच किती बघायच्या. सहा जास्त होतात असं नाही, पण सगळ्या सारख्या नसतात. मी तीन किंवा चार पूर्ण निवडतो, आणि निवडताना 'सगळ्यात ताज्या' एवढाच निकष लावत नाही. ज्यांचा डिफेन्स आपल्यासारखा आहे अशा टीमशी ते कसे खेळले, ती मॅच सोन्यासारखी. तुम्ही चार-दोन-पाच खेळत असाल, म्हणजे अगदी पुढच्या रांगेत चार लाईनमन, दोन लाईनबॅकर, पाच मागचे, आणि त्यांनी मागच्या महिन्यात अशाच एखाद्या टीमला तोंड दिलं असेल तर तीच आधी उघड. समोरचा डिफेन्स बघून ऑफेन्स आपले प्ले बदलतो, त्यामुळे तीन लाईनमनवाल्या टीमविरुद्ध त्यांनी केलेलं निम्मं तुम्हाला दिसणारच नाही.

मागच्या वर्षीची फिल्म बघायची का, तर पूर्वी बघायचो, आता फार जपून. ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंची यादी, २०१८ मध्ये आलं आणि २०२१ पासून एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलता यायला लागलं, तेव्हापासून मागच्या वर्षीची टीम म्हणजे दुसऱ्याच घरची माणसं. त्यापेक्षा दोन गोष्टी बघ. क्वार्टरबॅक, म्हणजे ऑफेन्स चालवणारा आणि बॉल फेकणारा, दुसरीकडून आला असेल तर त्याची जुन्या कॉलेजातली थोडी फिल्म, कारण घाबरल्यावर तो कुठल्या बाजूला पळतो ही सवय कॉलेज बदललं तरी बदलत नाही. आणि ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर नवीन असेल तर तो आधी जिथे होता तिथल्या मॅच. कोच गाव बदलतो, वही तीच घेऊन जातो.

निवडलेल्यांपैकी पहिली मॅच बघताना कीबोर्डला हात लावू नकोस. टॅग नाही, पॉज नाही, नुसती बघ. त्यांना कशाचा अभिमान आहे हे त्यात कळतं. प्रत्येक टीमचे दोन-तीन प्ले असे असतात जे ते अडचणीत आले की देवासारखे आठवतात, आणि ते आकड्यांच्या आधी डोळ्याला दिसतात. नंतर एंड झोनचा अँगल लाव, म्हणजे गोलपोस्टच्या मागून घेतलेला. नवीन माणूस साइडलाइनचाच अँगल बघत बसतो कारण तो टीव्हीसारखा दिसतो, पण लाईनमन काय करतायत ते मागूनच कळतं, आणि प्ले रन आहे, म्हणजे बॉल घेऊन पळायचा, की पास, म्हणजे फेकायचा, हे सगळ्यात आधी त्यांनाच माहीत असतं.

टॅग करायला मी आठच कॉलम ठेवतो. डाऊन, किती यार्ड हवेत, मैदानावर कुठे, कुठला हॅश, पर्सोनेल (कुठले खेळाडू आत आहेत), फॉर्मेशन (ते कसे उभे आहेत), मोशन (स्नॅपच्या आधी कोणी जागा बदलून गेला का), आणि काय खेळले. स्कोअर आणि क्वार्टर सॉफ्टवेअरमध्ये आपोआप येतं. पर्सोनेलचा आकडा तुला माहीतच असेल, बाकीच्यांसाठी सांगतो, ११ म्हणजे एक रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा), एक टाइट एंड (लाईनच्या टोकाला उभा, ब्लॉकही करतो आणि पासही घेतो) आणि उरलेले तीन रिसीव्हर (पास घेणारे), १२ म्हणजे एक बॅक, दोन टाइट एंड, दोन रिसीव्हर. हे महत्त्वाचं अशासाठी की समोरच्यांनी माणसं बदलली तर नियमाने आपल्यालाही बदलायला वेळ मिळतो, म्हणजे पोरांना सगळ्यात आधी मिळणारी, आणि सगळ्यात स्वस्त, माहिती ती. टाइट एंड धावत आत आला की अर्धं उत्तर मिळालं.

हॅशबद्दल मात्र थांबून सांगतो, कारण एनएफएल, म्हणजे इथली व्यावसायिक लीग, बघून शिकलेले लोक याला मोजतच नाहीत. हॅश म्हणजे मैदानाच्या लांबीने आखलेल्या छोट्या रेघांच्या दोन रांगा, प्ले सुरू करायला बॉल त्यांच्यावर किंवा त्यांच्या मधे ठेवतात. मैदान १६० फूट रुंद. कॉलेजमध्ये दोन हॅश एकमेकांपासून ४० फुटांवर असतात, एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंचांवर. म्हणजे एनएफएलमध्ये बॉल जवळपास मधोमधच असतो. कॉलेजात बॉल हॅशवर ठेवला की एका बाजूला साइडलाइन २० यार्डांवर (यार्ड म्हणजे तीन फूट) आणि दुसऱ्या बाजूला ३३ यार्डांहून जास्त. अरुंद बाजूला बाउंडरी म्हणायचं आणि रुंद बाजूला फील्ड. या एका फरकातून कॉलेज फुटबॉलचं अर्धं डोकं तयार होतं. क्वार्टरबॅकचा हात कच्चा असेल तर पलीकडच्या साइडलाइनपर्यंतचा थ्रो त्याला जमत नाही, बॉल हवेत तरंगत राहतो आणि कॉर्नर, म्हणजे कडेचा डिफेंडर, येऊन तो उचलतो, म्हणून असा क्वार्टरबॅक असलेली टीम रुंद बाजूला तीन रिसीव्हर नुसते उभे करते, आपली माणसं तिकडे ओढते, आणि खेळते अरुंद बाजूला त्यांच्या सगळ्यात उंच पोरासोबत. हे तुला डाव्या-उजव्याच्या कॉलममध्ये कधीच दिसणार नाही. मी पहिली दोन वर्षं डावीकडे-उजवीकडे असंच टॅग करत होतो आणि पन्नास-पन्नास येत होतं, मला वाटायचं ही टीम फार संतुलित आहे बुवा. फील्ड-बाउंडरी लावल्यावर तीच टीम थर्ड डाऊनला जवळजवळ नेहमी बाउंडरीला टाकत होती.

आता तुझ्या विषयावर येतो, आकडे. तू स्टॅटिस्टिक्सचा, तरी चाळीस पानांत टक्केवारी भरून ठेवलीस याचं मला आश्चर्य वाटलं. हिशोब कर. मॅचला साधारण ६५-७० प्ले, चार मॅचचे मिळून २७० धर. त्यातले थर्ड डाऊन पन्नासेक. त्यात चार ते सहा यार्ड हवे असलेले पंधरा. ते डावा हॅश, उजवा हॅश आणि मध्य असे वाटले तर पाच-पाच. त्यात ११ पर्सोनेल वेगळं काढलं की हातात तीन. मग तू लिहितोस 'या परिस्थितीत १०० टक्के पास'. अरे, तीनपैकी तीन! एवढ्यावर आपण रिक्षाही ठरवत नाही. मी टक्के लिहीतच नाही, '११ पैकी ८' असं लिहितो, म्हणजे वाचणाऱ्याला खालचा आकडाही दिसतो, आणि आठपेक्षा कमी प्ले असतील तर आकडा न देता 'दिसलं, पण पक्कं नाही' एवढंच. तुला श्रिंकेज माहीत आहे, छोट्या गटाचा आकडा टीमच्या एकूण सरासरीकडे ओढून घे, पण ते कोचला समजावत बसू नकोस, तुझ्यापुरतं कर.

आणि कुठले प्ले मोजायचे यावर माझा स्वतःचा एक घाव सांगतो. पाचव्या सीझनची गोष्ट. समोरची टीम दोन टाइट एंड घेऊन, बॅक थेट क्वार्टरबॅकच्या मागे, अशी उभी राहिली की सेकंड डाऊनला १० पैकी ९ वेळा रन. मी पानाच्या सगळ्यात वर ठळक लिहिलं. कोचने सेफ्टीला, म्हणजे सगळ्यात मागच्या डिफेंडरला, सांगितलं, हे दिसलं की खाली ये, रन थांबव. शनिवारी त्यांच्याकडे दुसऱ्यांदा बॉल आला तेव्हाच तीच फॉर्मेशन, सेफ्टी धावत खाली आला, क्वार्टरबॅकने हातात दिल्यासारखं केलं, बॉल काढून घेतला आणि आमच्या सेफ्टीच्या डोक्यावरून टाइट एंडला टाकला. तो पोरगा टचडाऊनपर्यंत, म्हणजे शेवटच्या रेषेपलीकडे, चालत गेला म्हटलं तरी चालेल. रविवारी सकाळी मी परत यादी उघडली. नऊपैकी सात रन चौथ्या क्वार्टरमध्ये, तीन टचडाऊननी पुढे असताना, घड्याळ संपवायला मारलेले. ते काढले तर उरले तीन प्ले, दोन रन, एक पास. कोच मला काही बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं. तेव्हापासून दुसऱ्या हाफमध्ये २१ गुणांचा किंवा जास्त फरक असेल तर ते प्ले मी मोजणीतून काढतो, आणि हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांचे वेगळे ठेवतो, कारण तो खेळच वेगळा असतो.

मग गाळून काय उरतं? माझ्या अनुभवाने सगळ्यात कामाचं उरतं ते थर्ड डाऊन. कबड्डी बघत असशील तर दोन रिकाम्या रेडनंतरची तिसरी, डू ऑर डाय, तिला कोण आत येतो हे सगळ्या मैदानाला माहीत असतं. थर्ड डाऊन तसाच आहे. सात यार्ड हवेत, नाही मिळाले तर बॉल द्यायचा, अशा वेळी त्यांचा क्वार्टरबॅक कोणाकडे बघतो? रूटचं, म्हणजे रिसीव्हरच्या पळायच्या वाटेचं, नाव नंतर, आधी माणूस. बहुतेक कॉलेज टीम्सकडे विश्वासाचा एकच असतो, फार तर दोन. तो कुठे उभा राहतो तेवढं शोधलं तरी कोच तुला चहा पाजेल, बरं, इथे कॉफी.

दुसरं म्हणजे टेल, म्हणजे नकळत होणारी चुगली. यात वेळ खूप जातो पण मला हे सगळ्यात आवडतं. एकदा एका टीमचा डावा गार्ड, म्हणजे त्यांच्या लाईनमनपैकी एक, नंबर ६६, त्याला मी एंड झोन अँगलने रात्री एक वाजेपर्यंत बघत होतो. काही प्लेमध्ये त्याला आपली जागा सोडून उजवीकडे धावत जाऊन ब्लॉक करायचं असायचं, याला पुल म्हणतात. झूम केलं तर दिसलं, पुल असेल तेव्हा खाली बसताना त्याचा उजवा पाय अर्धी वीत मागे असतो, निघायला सोपं जावं म्हणून. बाकी वेळी दोन्ही पाय जवळपास एका रेषेत. ३१ प्ले बघितले, ११ पुल, त्यात १० वेळा पाय मागे. कोचने फक्त दोन लाईनबॅकरना सांगितलं, ६६ चा पाय बघा. पहिल्या क्वार्टरमध्ये आमचे दोघे बॉलच्या आधी तिथे पोहोचत होते, मी वर स्टँडमधल्या कोचच्या बॉक्समध्ये अक्षरशः नाचत होतो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये ६६ चा घोटा मुरगळला, बदली पोरगा आला, आणि आमचे दोघे त्याच्याही पायाकडे बघत बसले, त्याचा पाय सदानकदा मागेच! सलग तीन रन डोक्यावरून गेले तेव्हा कुठे साइडलाइनवरून कोणीतरी ओरडलं. तेव्हापासून टेल लिहिली की शेजारी लिहितो, हा माणूस बाहेर गेला तर हे विसरा.

अशाच आणखी दोन जागा बघ. शॉटगनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅक लाईनपासून थोडा मागे उभा असतो तेव्हा, बॅक त्याच्या किती शेजारी किंवा मागे आहे, पाऊलभर फरक असतो पण पोरं प्ले ओळखून आपोआप सरकतात. आणि बाहेरचा रिसीव्हर मैदानावरच्या यार्डच्या आकड्यांच्या आत उभा आहे की बाहेर. त्या आकड्यांची वरची कड साइडलाइनपासून ९ यार्डांवर असतो, त्यामुळे पट्टी आयतीच आखलेली आहे. आत सरकून उभा असेल तर बाहेर पळायला जागा करून घेतोय किंवा ब्लॉक करायला आलाय असं सहसा निघतं, पण टीमनुसार तपासून घे.

काही टीम मात्र अशा असतात की आठवड्याभरात त्यांची तयारी होतच नाही. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स या लष्करी अकादमींच्या टीम वर्षानुवर्षं ऑप्शन खेळत आल्या, म्हणजे क्वार्टरबॅक समोरच्याला बघून ऐनवेळी ठरवतो बॉल आत द्यायचा, स्वतः ठेवायचा की बाहेर फेकायचा. इथे टेंडन्सीचे, म्हणजे टीमच्या सवयींचे, आकडे फारसे कामाचे नाहीत, कारण कोण पळणार हे तुमच्याच माणसाच्या हालचालीवर ठरतं. अशा वेळी कोच लोक बॉलशिवायच प्रॅक्टिस घेतात, म्हणजे प्रत्येकजण बॉलमागे न धावता नेमून दिलेला माणूस धरतो. तुझा रिपोर्ट तेव्हा एका ओळीचा, कोण आत, कोण क्वार्टरबॅकवर, कोण बाहेर.

आठवडा साधारण असा जातो. रविवारी आपलीच कालची मॅच आणि लगेच पुढच्यांची, मंगळवारी पहिल्या-दुसऱ्या डाऊनचं काम, बुधवारी थर्ड डाऊन, गुरुवारी शेवटचे वीस यार्ड आणि दोन मिनिटांचा खेळ, शुक्रवारी नुसतं चालत-चालत. डिव्हिजन वनमध्ये खेळाडूंचा आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त वेळ घेता येत नाही, त्यात फिल्मही आली, म्हणजे बुधवारी रात्री तुला काही भारी सापडलं तरी ते शिकवायला वेळ नाही. तेव्हा तुझं पान सोमवारी दुपारी तयार पाहिजे, परफेक्ट नसलं तरी. शिवाय स्काऊट टीमची कार्डं बहुतेक तुझ्याच गळ्यात पडतील. नवीन पोरं समोरच्या टीमची नक्कल करतात आणि कोच कार्ड वर धरून दाखवतो, तर ते कार्ड जाड मार्करने काढ, एकच प्ले, पंधरा फुटांवरून दिसला पाहिजे. माझी पहिली कार्डं बॉलपेनने काढलेली होती, एक पोरगा म्हणाला, सर हा मायक्रोस्कोप कुठे मिळेल.

आता ते एक पान. वर चार ओळी, पोरांच्या भाषेत. 'दोन टाइट एंड आत आले की रन धरा, पण ८ नंबर डोळ्यासमोरून सोडू नका.' 'थर्ड डाऊन, सात किंवा जास्त, बाउंडरीचा १ नंबर, ११ पैकी ८.' 'मोशन करून कोणी बॅकच्या मागून गेला तर बॉल त्याच्या उलट्या दिशेला.' 'क्वार्टरबॅकवर दबाव आला की तो उजवीकडे निसटतो, डाव्या एंडने आत घुसू नये.' त्याखाली त्यांचे तीन लाडके प्ले चित्रासकट, आणि ज्याला एकट्याने कधी अडवायला जायचं नाही अशा पोराचं नाव. बस. तुझी चाळीस पानं फेकू नकोस, ती लॅपटॉपमध्ये ठेव, मॅच चालू असताना हाफटाइमला कोच विचारेल 'हे आधी कधी केलं होतं का?' तेव्हा दहा सेकंदात काढून देता आलं पाहिजे. ती पानं त्याच्यासाठीच असतात.

आणि हे सगळं समोरचा कोणीतरी पोरगा तुमच्याबद्दलही करतोय, रात्री एक वाजता, थंड पिझ्झा खात. म्हणून महिन्यातून एकदा स्वतःच्या टीमवर हाच प्रयोग कर. आम्ही केला तेव्हा कळलं की आमचा ब्लिट्झ, म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडणं, यायचा असेल तर आमचा सेफ्टी दर वेळी एकदा हातमोजा ओढून घट्ट करायचा. त्याला सांगितलं तर त्याचा विश्वासच बसेना, क्लिप दाखवावी लागली.

शेवटी तू विचारलंयस पायथॉनमध्ये करू की एक्सेलमध्ये. एक्सेल पुरे, पिव्होट टेबल येत असेल तर झालं. पायथॉन ऑफ-सीझनमध्ये कर. त्यापेक्षा रविवारी सकाळी, बाकीचे यायच्या आधी, आपलं ते एक पान आणि लाल पेन घेऊन बस आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबर, चूक किंवा 'आलंच नाही' असं लिही. माझ्या जुन्या पानांवर सगळ्यात जास्त वेळा काय लिहिलंय माहितीये? 'आलंच नाही'. त्या ओळी पुढच्या आठवड्यात काढ, पान आपोआप छोटं होतं. आणि हो, या शनिवारच्या टीमकडे दोन टाइट एंड असतील तर आधी स्कोअर बघ, मग मोज.